पद्मिनी चढावर अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते – पेट्रोल की करंट?

घाटवाट_कराड:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी, स्टेअरिंगचा गिअर. वडील जाऊन चार वर्षं झाली, गाडी मी सांभाळतोय, रीपासिंग वगैरे सगळं रीतसर केलेलं आहे. महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढतो आणि वर्षातून तीन-चार वेळा कराड-चिपळूण होतं कारण आत्या तिकडे असते.

प्रॉब्लेम असा आहे की गेल्या दोन महिन्यांत गाडी तीन वेळा बंद पडली. पहिल्यांदा चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात, पोफळी सोडून वर चढायला लागलो, सहा-सात वळणं झाली असतील आणि इंजिन एकदम बंद. आई मागे बसलेली, मागून ट्रक. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला, सेल्फ मारतोय तर सेल्फ मस्त फिरतोय पण पकडतच नाही. पाऊण तास उभे होतो. मग एका ट्रकवाल्या दादांनी सांगितलं म्हणून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं, आणि खरंच चालू झाली, थेट कोयनानगरपर्यंत आली, चहा पिऊन पुढे घरी. दुसऱ्यांदा पाटणच्या अलीकडे, तिसऱ्यांदा तर कराडातच, बाजारात दुपारी ट्रॅफिकमध्ये.

आतापर्यंत काय काय केलं: गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, एसी पंपाचं (टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो तो पंप) किट बदललं, पेट्रोल फिल्टर नवा, प्लग नवे. साडेतीन हजार गेले. तरी तिसऱ्यांदा बंद पडली ती हे सगळं झाल्यानंतर. टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरच असतो, पाणी कमी होत नाही. आता गॅरेजवाला म्हणतो हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडू. मला हेड उघडायचं नाही, वडिलांनी २०११ ला इंजिन बांधून घेतलंय आणि कॉम्प्रेशन चांगलं आहे. कुणाला असा अनुभव आहे का? आईला घेऊन जायची भीती वाटायला लागलीये खरं सांगायचं तर.

कुर्ला_मीटर_डाऊन:
भाऊ हा शंभर टक्के व्हेपर लॉक. माझ्या वडिलांनी मुंबईत पंचवीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, आम्ही लहानपणापासून बघितलंय, मे महिन्यात डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं असायचंच. पंप ब्लॉकला चिकटलेला असतो, इंजिनाची सगळी गरमी त्याला लागते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो, पेट्रोल वर चढतच नाही. थंड झालं की वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी चालू. तुम्ही फडकं टाकलं आणि चालू झाली, म्हणजे उत्तर तिथेच मिळालं की. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब घ्या, तिच्यावर जाड स्लीव्ह चढवा, पंप आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग जाड टाका. हेड अजिबात उघडू देऊ नका.

त्या गाड्या बंद झाल्या तेव्हा आमच्या घरी कुणी नीट जेवलं नव्हतं. २०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली मुंबईतून. तुम्ही गाडी ठेवलीत याचा आनंद आहे, ती घाटात सोडून देऊ नका.

सांगलीची_फियाट:
माझ्याकडेही पद्मिनी आहे, आजोबांची. व्हेपर लॉक पूर्वीपेक्षा आता जास्त होतंय हे मी पण बघितलंय, कारण पेट्रोल बदललंय. २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉल झालं आणि आता पंपावर २० टक्केवालं मिळतं. आपल्या गाडीची रबरं त्या काळातली, इथेनॉलने ती फुगतात, मऊ होतात, आतून सोलतात. माझ्या गाडीची टाकीकडची नळी बाहेरून नवी कोरी दिसत होती, पण कापून बघितली तर आतून पापुद्रे सुटलेले आणि तेच फिल्टरमध्ये अडकत होते. इथेनॉलवर चालणाऱ्या नळ्या मिळतात, महाग आहेत पण सगळ्या एकदम बदलून टाका. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, हवेतला ओलावा इथेनॉल ओढून घेतं आणि पाणी तळाशी बसतं.

आणि एक महत्त्वाचं, पंपाचं किट बदललंय म्हणताय तर इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पंपातला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटला असेल किंवा नीट बसला नसेल तर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग जातात. ऑइल वाढलेलं दिसलं किंवा वास आला तर गाडी चालवूच नका, आधी ऑइल बदला.

नवा_गिअर_२३:
दादा ओबीडी स्कॅनर लावून बघा ना, ब्लूटूथवाला हजार रुपयांत मिळतो, मोबाईलवर डायरेक्ट कोड दिसतो कुठला सेन्सर गेलाय ते.

सांगलीची_फियाट:
@नवा_गिअर_२३ या गाडीत कॉम्प्युटरच नाही, एकही सेन्सर कोड देत नाही. आपल्याकडे ओबीडी कंपल्सरी झालं २०१० नंतर. इथे कान, नाक आणि टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतोय का ते दाखवणारा बल्ब).

वर्कशॉप_काका:
घाटवाट, तुझं सगळं नीट वाचलं. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता रिटायर आहे, पण कार्बोरेटरच्या गाड्या आयुष्यभर केल्यात. एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर नीट आठवून दे, कारण त्याच्यावरच सगळं आहे. गाडी बंद पडताना आधी काही झालं का? म्हणजे झटके देत, ओढ कमी होत, अडखळत बंद पडली का, की चावी फिरवून बंद करावी तशी एका क्षणात?

घाटवाट_कराड:
काका, एका क्षणात. तिन्ही वेळा. मी थर्डमध्ये नीट ओढत होतो आणि अचानक शांत. काहीच झटका नाही. चावीच फिरवली असं वाटलं.
@सांगलीची_फियाट ऑइलची काडी बघितली, लेव्हल बरोबर, पेट्रोलचा वास नाही. नळ्यांचं करून घेतो, थँक्स ताई.

वर्कशॉप_काका:
मग पेट्रोल नाही. म्हणजे मी शपथ घेत नाही, पण दहापैकी नऊ वेळा नाही. कारण बघ, पेट्रोल तुटलं तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडं शिल्लक असतंच, ते संपत येतं तसं इंजिन अडखळतं, ओढ जाते, पाय दाबला की अजून मरतं, सोडला की जरा सावरतं. व्हेपर लॉकमध्ये पण हेच होतं, आधी लाथा मारते, मग थांबते. करंट तुटला तर मात्र वेळच मिळत नाही, पुढच्या फायरिंगलाच खेळ संपतो.

आणि फडक्याचं म्हणशील तर कुर्लावाले भाऊ सांगतायत ते खोटं नाहीये, व्हेपर लॉकला फडकं लागतं, मी पण टाकलेलं आहे. पण तू फडकं टाकलंस ते पाऊण तास उभं राहिल्यावर. त्या पाऊण तासात पंप थंड झाला तशी कॉइल (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचा जोरदार करंट बनवते ती) पण थंड झाली, कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा डबीसारखा भाग) पण थंड झाला, सगळंच थंड झालं. श्रेय फडक्याला मिळालं. मग गॅरेजवाल्याने पेट्रोलचीच बाजू धरली आणि साडेतीन हजार तिकडे गेले. यात त्याची नियत खराब आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्यापुढे गाडी कधी बंदच पडली नाही ना. थंड गाडी त्याच्याकडे गेली आणि थंड गाडीत दोष दिसत नाही.

म्हणून आता पार्ट घेणं बंद. गाडी बंद पडलेली असताना बघायची. ती पाच मिनिटं फार मोलाची असतात, तेव्हा सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नकोस. डिकीत ठेव: मल्टिमीटर, जुना चांगला प्लग एक, इन्सुलेशनवाली पक्कड, टेस्ट लॅम्प. घाटात जाऊ नकोस, आईला घेऊन तर नाहीच, घराजवळच दुपारच्या उन्हात तास-दीड तास फिरव, कमी स्पीडला, हेडलाइट लावून, म्हणजे तापेल. बंद पडली की सुरक्षित जागी घे आणि या क्रमाने बघ.

आधी एअर फिल्टरचं झाकण काढ, कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघ आणि हाताने ॲक्सिलरेटरची दांडी ओढ. आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडाली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे, पेट्रोलचा विषय तिथेच संपला. मग फिल्टर परत लावून टाक, उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी काढायची नाही, हे विसरू नकोस, मी एका पोराचे हात भाजलेले बघितलेत.

मग डिस्ट्रिब्युटरच्या (करंट एकेका प्लगला वाटतो तो) मधली जाड वायर, कॉइलकडून येते ती, काढ आणि तिला प्लग लावून प्लगची बॉडी ब्लॉकला टेकव, पक्कडीने धर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. निळी कडक ठिणगी, टक टक आवाज येणारी, असेल तर कॉइलपर्यंत ठीक, मग डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि आत फिरणारा रोटर बघायचे. पिवळी मरतुकडी असेल किंवा नसेलच तर दोष कॉइल, कंडेन्सर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडतो-तोडतो तो छोटा स्विच) किंवा चावीकडून येणारी वायर यातला.

ठिणगी नसेल तर चावी ऑन ठेवून कॉइलच्या प्लसवर टेस्ट लॅम्प लाव. लॅम्प नाही लागला तर चावीचा स्विच किंवा वायर. लागला तर चावी बंद कर आणि लगेच, कॉइल गरम असतानाच, तिच्या दोन्ही बारीक वायरी काढून प्लस-मायनसमध्ये ओहम मोज आणि लिहून ठेव. मग अर्ध्या तासाने थंड झाल्यावर परत मोज. कॉइलवर हात ठेवून बघ, कोमट-गरम चालते, हात टिकतच नसेल तर ती काहीतरी सांगतेय. आणि घरी गेल्यावर कॅप काढून पॉइंटचा फोटो टाक.

घाटवाट_कराड:
काका एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी करतो. पॉइंटवरून आठवलं, गेल्या वर्षभरात पॉइंट दोनदा बदललेत, लवकर काळे पडतात, गॅरेजवाला म्हणतो हल्लीचे पॉइंटच तसे येतात.

वर्कशॉप_काका:
हे आधी सांगायचं होतंस. वर्षभरात काय काय बदललंय ती सगळी यादी दे.

घाटवाट_कराड:
गेल्या दिवाळीच्या आधी कॉइल बदलली होती, जुनीतून तेल गळत होतं म्हणून. ओरिजिनल मिळाली नाही, दुकानदाराने दुसऱ्या गाडीची दिली, म्हणाला १२ व्होल्टचीच आहे, सगळ्यांना बसते. गाडी छान चालली नंतर, उलट पिकअप वाढल्यासारखा वाटला.

वर्कशॉप_काका:
बरं. रविवारी ओहम मोज, मग बोलू. आणि बघ, कॉइलजवळ पांढऱ्या चिनी मातीचा लांबट रेझिस्टर लावलेला आहे का.

घाटवाट_कराड:
अपडेट. थोडं मोठं लिहितोय.

रविवारी दुपारी दीड वाजता निघालो, चुलतभाऊ बरोबर. कराड-मलकापूर-कराड असे फेरे मारले, मधे मधे उभी करून आयडलिंगला ठेवली. एक तास दहा मिनिटांनी बंद पडली, तशीच, एका क्षणात. पेट्रोल पंपासमोरच्या मोकळ्या जागेत ढकलली. हात थरथरत होते माझे, पण बंद पडली याचा पहिल्यांदाच आनंद झाला.

कार्बोरेटरमध्ये धार उडाली, दोनदा बघितली. फिल्टर लावला. मधल्या वायरीला प्लग लावून बघितलं, भावाने सेल्फ मारला, ठिणगी अजिबात नाही. काहीच नाही. प्लसवर लॅम्प लागला, चांगला उजेड. कॉइलला हात लावला तर लगेच मागे घेतला, चहाच्या भांड्यासारखी तापलेली. ओहम मोजले तर मीटर काही दाखवतच नाही, वायर तुटल्यावर दाखवतो तसं ओपन. दोनतीनदा पिना नीट टेकवून बघितल्या, तेच. मग मी एक केलं, पंपाला हातही न लावता फक्त कॉइलच्या अंगावर पिळून घेतलेलं ओलं फडकं गुंडाळलं, वरच्या टोकांना पाणी लागू दिलं नाही. दहा मिनिटांनी मोजलं तर १.६ ओहम. वायरी लावल्या, सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू.

घरी आल्यावर पूर्ण थंड करून मोजलं, १.५. पांढरा रेझिस्टर कुठेच नाही. पॉइंटचा फोटो टाकलाय, दोन्ही बाजू निळ्या-काळ्या पडल्यात आणि एकावर खड्डा.

वर्कशॉप_काका:
शाब्बास. असं बघायचं असतं. फक्त कॉइलला फडकं लावून चालू केलीस, तिथे वादच संपला.

आता का झालं ते ऐक, कारण नुसती कॉइल बदललीस आणि परत तसलीच आणलीस तर वर्षाने इथेच येशील. कॉइल दोन तऱ्हेच्या येतात. एक साधी, तिच्या प्रायमरीचा, म्हणजे प्लस-मायनसमधल्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स साधारण ३ ओहमच्या आसपास, ती सरळ १२ व्होल्टवर चालते. दुसरी दीड ओहमवाली, ती ज्या गाड्यांत वेगळा रेझिस्टर किंवा रेझिस्टन्स वायर असते त्यांच्यासाठी. सेल्फ मारताना रेझिस्टर बाजूला काढून तिला पूर्ण करंट देतात म्हणजे थंडीत पटकन पेटते, आणि चालू झाल्यावर रेझिस्टरमधून कमी करंट. दोन्हींवर १२ व्होल्टच लिहिलेलं असतं, दिसतात पण सारख्या, दुकानदाराने ती 'सगळ्यांना बसते' म्हटलं ते मापाने बसते.

हिशोब साधा आहे. १२ ला ३ ने भाग, ४ अँपिअर. १२ ला दीडने भाग, ८ अँपिअर. दुप्पट करंट तुझ्या पॉइंटमधून वर्षभर गेला, म्हणून पॉइंट जळत होते, पॉइंटच्या कंपनीचा त्यात दोष नाही. आणि कॉइल आतून भाजत राहिली, शेवटी आतला कुठलातरी जोड असा झाला की गरम झाला की सुटतो आणि थंड झाला की टेकतो. पिकअप वाढल्यासारखा वाटला तो पण खरा असेल, करंट दुप्पट म्हणजे ठिणगी जोरात. गरम झाल्यावर रेझिस्टन्स थोडा वाढतो ते नॉर्मल आहे, ६० अंशांनी तापली तर साधारण चौथ्या हिश्शाने वाढेल. ओपन होणं नॉर्मल नाही.

एक खात्री करून घे. वायरिंगमध्ये कुणी लपवून रेझिस्टन्स वायर टाकलेली नाही ना ते बघायला, पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन करून कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज मोज. जवळजवळ बॅटरीएवढंच आलं तर रेझिस्टन्स नाही, मग ३ ओहमची कॉइल. सहा-सात व्होल्ट आलं तर थांब आणि मला विचार. मोजून झालं की चावी बंद कर, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसायचं नाही, पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि चांगली कॉइल पण भाजते.

दुकानात जाताना मीटर खिशात ने. दुकानातच मोजून घे. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे टाक, एवढा करंट खाल्लेला कंडेन्सर भरवशाचा नाही. जुना कंडेन्सर फेकून देऊ नकोस, जागेवर चालत होता तो, डिकीत ठेव, नव्यातले काही पहिल्या दिवशीच जातात.

कुर्ला_मीटर_डाऊन:
काका मानलं. मी शंभर टक्के म्हणालो होतो ते चुकलं, भाऊंची माफी. अडखळत की एकदम, हे मी विचारायला हवं होतं. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले टॅक्सीत आम्ही कॉइल बदलताना नेहमी जुनी हातात घेऊन दुकानात जायचो आणि शेजारी ठेवून बघायचो, मीटर कुणाकडे होता. आणि म्हणाले पोराला सांग कॉइल इंजिनाच्या अगदी जवळ बसवली असेल तर थोडी लांब, हवा लागेल तिथे बसव.

सांगलीची_फियाट:
मी आत्ता जाऊन माझी मोजली. ३.२. हुश्श. दोन वर्षांपूर्वी मी पण अशीच 'बसते' म्हणून घेतलेली आहे, नशिबाने बरोबर निघाली. हा धागा सेव्ह करून ठेवतेय.

घाटवाट_कराड:
शेवटचं अपडेट, उशीर झाला सॉरी.

प्लसवर ११.८ व्होल्ट आलं, म्हणजे रेझिस्टन्स नाही. कराडात दोन दुकानांत मोजलं, दोन्हीकडे दीडवालीच होती, एका दुकानदाराला मीटर काढलेला आवडला नाही. शेवटी कोल्हापुरात मिळाली, ३.१ ओहम, साडेआठशे रुपये. पॉइंट, कंडेन्सर नवे, पॉइंटचा गॅप फिलर गेजने स्वतः लावला, टायमिंग गॅरेजवाल्याकडून चेक करून घेतलं आणि त्यालाही हा सगळा हिशोब सांगितला, तो बराच वेळ ऐकत होता आणि म्हणाला मीटर मी पण घेतो. नळ्या सगळ्या बदलल्या ताईंनी सांगितल्या तशा. कॉइल जरा पुढे, हवेच्या वाटेत आणली.

मग आधी एकटाच दोन दिवस दीड-दीड तास फिरवली. कॉइल कोमट, हात टिकतो. काल आईला घेऊन चिपळूणला गेलो आणि आज परत आलो. पोफळीपासून वर येताना त्याच वळणावर आई काही बोलली नाही पण पुढच्या सीटची कड धरून बसलेली आरशात दिसत होती. गाडी थर्डमध्ये ओढत वर आली. हेळवाकला थांबलो, बॉनेट उघडून कॉइलला हात लावून बघितला, आई उतरून माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही लावून बघितला.

वर्कशॉप_काका:
छान वाटलं. पाचशे किमीला पॉइंटचा फोटो टाक, रंग बघायचाय मला.